पेप्टाइड संप्रेरके आणि लहान रक्तवाहिन्यांचे प्रसरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर काहींना कोरडा खोकला का लागतो, ठेच्यासाठी मिरच्या कापल्यावर बोटे लाल होऊन आग का होते, हृदय थकल्याचे निदान करण्यासाठी रक्तात बीएनपी (हृदयातून स्रवणारे एक संप्रेरक) का मोजतात, हे प्रश्न वरवर पाहता एकमेकांपासून दूरचे वाटतात. प्रत्यक्षात तिन्हींच्या मुळाशी एकच प्रक्रिया आहे: अमिनो आम्लांची एखादी छोटी साखळी पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला, म्हणजे निरोप ओळखणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटते; आणि याच साखळ्या लहान रक्तवाहिन्याही रुंदावतात. पुढील उत्तरे जीवशास्त्राचे विद्यार्थी, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांना समोर ठेवून लिहिली आहेत. त्यांत एक मुद्दा पुन्हा पुन्हा येईल. केवळ संप्रेरकाच्या नावावरून त्याचा परिणाम सांगता येत नाही. ते कोणत्या पेशीवरील कोणत्या ग्राहीला जुळते आणि किती लवकर मोडले जाते, यावर तो ठरतो.

पेप्टाइड संप्रेरक म्हणजे नेमके काय?

अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली गेली की पेप्टाइड तयार होते. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या पेप्टाइडांची लांबी फारशी नसते: ब्रॅडिकायनिनमध्ये ९, सब्स्टन्स पीमध्ये ११, हृदयाच्या कर्णिकांमधून स्रवणाऱ्या एएनपीमध्ये २८, बीएनपीमध्ये ३२, संवेदी मज्जातंतूंतून सुटणाऱ्या सीजीआरपीमध्ये ३७ आणि ॲड्रेनोमेड्युलिनमध्ये ५२ अमिनो आम्ले असतात. यांपैकी एएनपी आणि बीएनपी रक्तातून दूरवर जातात, म्हणून ती रूढ अर्थाने संप्रेरके ठरतात. ब्रॅडिकायनिन आणि सीजीआरपी मात्र बहुतांशी जिथे तयार होतात तिथेच काम करतात आणि त्यांना स्थानिक संप्रेरके म्हणणे अधिक योग्य ठरते. ग्राहीवरील त्यांच्या कार्याच्या दृष्टीने या भेदाने फारसा फरक पडत नाही.

पेप्टाइडे पाण्यात विरघळतात, त्यामुळे पेशीच्या स्निग्ध पटलातून ती आत शिरू शकत नाहीत. कॉर्टिसोलसारखी स्टेरॉइड संप्रेरके पटल ओलांडून थेट आत जातात. पेप्टाइडाला मात्र बाहेरच थांबून, पटलात रुतलेल्या ग्राही प्रथिनामार्फत निरोप आत पाठवावा लागतो.

मोठ्या धमन्या सोडून लहान रक्तवाहिन्यांवरच एवढा भर का?

रक्तप्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा सर्वांत मोठा वाटा लहान धमन्या आणि रोहिणिका यांच्याकडे असतो. रोहिणिका म्हणजे केशवाहिन्यांच्या अगोदरच्या, साधारणपणे १० ते १०० मायक्रोमीटर व्यासाच्या वाहिन्या. त्यांच्या भिंतीत आतल्या बाजूला अंतःस्तराच्या चपट्या पेशींचा एकच थर असतो आणि त्याभोवती मृदू स्नायूंच्या पेशींचे एक-दोन वेढे असतात. हे वेढे सैल पडले की वाहिनी रुंदावते. केशवाहिन्यांना असे स्नायूंचे वेढेच नसतात, त्यामुळे पुढे किती रक्त सोडायचे हे मुख्यतः रोहिणिका ठरवतात.

येथे गणित फार महत्त्वाचे आहे. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह, दाब तोच असताना, त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या केवळ १० टक्क्यांनी वाढली तर प्रवाह सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. २० टक्क्यांनी वाढली तर तो दुपटीच्या थोडा पुढे जातो. रक्त हा साधा द्रव नाही आणि रक्तवाहिनी ही ताठ नळी नाही, म्हणून शरीरात हे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, तरी डोळ्यांना दिसणारही नाही एवढ्या रुंदीच्या फरकाने एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा का बदलतो, हे त्यावरून समजते.

ब्रॅडिकायनिन ग्राहीला चिकटल्यानंतर पुढे काय घडते?

हा क्रम एकदा नीट समजला की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे सोपी होतात, म्हणून तो सविस्तर देत आहोत.

ब्रॅडिकायनिनचा बी२ नावाचा ग्राही अंतःस्तराच्या पेशींवर कायम असतो. ही प्रथिनसाखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते आणि तिचे आतले टोक जी-प्रथिनाशी (पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनाशी) संबंध ठेवून असते. ब्रॅडिकायनिन बाहेरून चिकटले की ग्राहीचा आकार किंचित बदलतो, आतले जी-प्रथिन जागे होते आणि ते फॉस्फोलायपेझ सी या विकराला (एन्झाइमला) कामाला लावते. हे विकर पटलातील एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करते. त्यांपैकी आयपी३ हा तुकडा पेशीतील कॅल्शियमच्या साठ्याकडे जाऊन तो मोकळा करतो. वाढलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला जोडले जाते, आणि ही जोडी नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकराला चालना देते. ते विकर अर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याने त्याला पटल अडवू शकत नाही. तो शेजारच्या मृदू स्नायूच्या पेशीत झिरपतो आणि तेथील ग्वानिलेट सायक्लेज या विकराला चिकटून चक्रीय जीएमपी या रेणूचे प्रमाण वाढवतो. त्यामुळे स्नायूपेशीतील कॅल्शियम कमी होते आणि मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनावरचा फॉस्फेट काढून टाकणारे विकर अधिक सक्रिय होते. मायोसिनवरचा फॉस्फेट निघाला की स्नायूची पकड सुटते.

येथे एक गोष्ट वाचकांना हमखास गोंधळात टाकते: अंतःस्तरात कॅल्शियम वाढते आणि त्याचा परिणाम म्हणून स्नायूत ते घटते. एकाच भिंतीतील दोन शेजारी पेशींमध्ये एकाच घटकाची हालचाल उलट दिशेने होत असल्याने, ‘कॅल्शियम वाढले की वाहिनी आकुंचन पावते’ हे पाठ केलेले वाक्य अर्धवट ठरते. कोणत्या पेशीतील कॅल्शियम, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

नायट्रिक ऑक्साइडच्या जोडीला अंतःस्तरातून प्रोस्टासायक्लिन हे वाहिनी सैल करणारे रसायनही सुटते. शिवाय अंतःस्तरातील पोटॅशियमच्या वाहिका (पेशीपटलातील सूक्ष्म वाटा) उघडून पेशींचा विद्युतभार अधिक ऋण होतो आणि हा बदल लगतच्या स्नायूपर्यंत पोहोचतो. वाहिनी जितकी लहान, तितका या विद्युतमार्गाचा वाटा मोठा असतो. मोठ्या धमन्यांत नायट्रिक ऑक्साइडचा वरचष्मा राहतो.

अंतःस्तर इतका महत्त्वाचा आहे हे कसे कळले?

अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत असत. त्या तयार करताना आतला पृष्ठभाग घासला गेला तर ॲसिटिलकोलिन या रसायनाने त्या सैल पडत नसत. आतली बाजू शाबूत ठेवली तर हमखास सैल पडत. १९८० मध्ये फर्चगॉट आणि झवाडझ्की यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि स्नायूला सैल करणारा निरोप अंतःस्तरातून येतो हे सिद्ध झाले. अनेक धमन्यांमध्ये ब्रॅडिकायनिनचेही तसेच आहे. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे ओळखण्यातील कार्याबद्दल १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळाले.

सगळीच पेप्टाइडे याच मार्गाने जातात का?

नाही, आणि हा फरक औषधांच्या दृष्टीने मोलाचा आहे.

सीजीआरपी बहुतांश वाहिन्यांत मृदू स्नायूवरील ग्राहीलाच थेट चिकटते. त्याचे जी-प्रथिन वेगळ्या प्रकारचे असल्याने ते ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला चालना देते, चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि पोटॅशियमच्या वाहिका उघडून स्नायू सैल पडतो. अंतःस्तर खराब झालेला असला तरी हा मार्ग चालू राहू शकतो. आतड्यातून प्रथम वेगळे केलेले व्हीआयपी हे पेप्टाइडही मुख्यतः चक्रीय एएमपीच्याच वाटेने जाते. ते १९७० मध्ये सामी सईद आणि व्हिक्टर मुट यांनी शोधले.

एएनपीची रीत याहून निराळी आहे. त्याच्या एनपीआर-ए या ग्राहीला जी-प्रथिनाची गरजच नाही, कारण ग्राहीचा पेशीच्या आतला भाग स्वतःच ग्वानिलेट सायक्लेज विकर आहे. बाहेर एएनपी चिकटले की आत चक्रीय जीएमपी तयार होऊ लागते. म्हणजे शेवटचा टप्पा नायट्रिक ऑक्साइडच्या मार्गासारखाच, पण मधला सारा प्रवास वगळलेला. कॅनडातील किंग्स्टन येथे अडॉल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये उंदराच्या हृदयकर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी मोठ्या प्रमाणात बाहेर पडले आणि रक्तदाब उतरला. हृदय हा केवळ पंप नसून संप्रेरके स्रवणारा अवयवही आहे, हे त्यातून पुढे आले. आमच्या मते शरीरक्रियाशास्त्रातील हा अत्यंत सुंदर प्रयोगांपैकी एक आहे: साधने साधी आणि प्रश्न नेमका.

सीजीआरपी आणि ॲड्रेनोमेड्युलिन यांचा ग्राही एकच आहे असे वाचले. मग पेशी त्यांच्यात फरक कसा करते?

दोघांच्या ग्राहीतील मुख्य प्रथिन एकच असते, पण त्याला एका छोट्या जोडीदार प्रथिनाची साथ लागते. या जोडीदारांना रॅम्प म्हणतात आणि ते तीन प्रकारचे आहेत. मुख्य प्रथिनाला रॅम्प१ मिळाले तर तयार होणारा ग्राही सीजीआरपी ओळखतो. रॅम्प२ किंवा रॅम्प३ मिळाले तर तो ॲड्रेनोमेड्युलिन ओळखतो. पेशीने कोणता जोडीदार बनवला आहे, यावरून ती कोणाचे ऐकणार हे ठरते. १९९८ मध्ये ही जोडी उलगडली, तोवर सीजीआरपीचा ग्राही संशोधकांना वर्षानुवर्षे हुलकावणी देत होता, कारण ते एकट्या प्रथिनाचा शोध घेत होते.

एकच पेप्टाइड कधी वाहिनी रुंदावते आणि कधी आवळते, हे कसे शक्य आहे?

एंडोथेलिन हे याचे ठळक उदाहरण. १९८८ मध्ये जपानमध्ये शोधले गेलेले हे पेप्टाइड रक्तवाहिन्या जोरदार आवळण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि मृदू स्नायूवरील ईटी-ए ग्राहीमार्फत ते तसेच करते. परंतु अंतःस्तरावरील ईटी-बी ग्राहीला तेच एंडोथेलिन चिकटले तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सुटतात व वाहिनी सैल पडते. व्हासोप्रेसिन या पेप्टाइड संप्रेरकाचेही काहीसे असेच आहे: व्ही१ ग्राही आकुंचन घडवतो, तर व्ही२ ग्राहीमुळे प्रसरण होऊ शकते.

ब्रॅडिकायनिनसुद्धा अंतःस्तर नष्ट झालेल्या वाहिनीत स्नायूवरील ग्राहीला थेट चिकटून तिला आवळू शकते. मूत्रपिंडात एएनपी याहून सूक्ष्म काम करते. गाळणीकडे रक्त आणणारी रोहिणिका ते रुंदावते आणि गाळणीतून रक्त बाहेर नेणारी रोहिणिका आवळते. त्यामुळे गाळणीतील दाब वाढून अधिक मीठ-पाणी गाळले जाते. म्हणून ‘एएनपी रक्तवाहिन्या रुंदावते’ हे विधान बरोबर असले तरी शरीरातील प्रत्येक वाहिनीला ते लागू होत नाही.

मिरच्या कापल्यावर हात लाल होऊन आग होते. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. मिरचीतील कॅप्सायसिन त्वचेतील संवेदी मज्जातंतूंच्या टोकांवरील टीआरपीव्ही१ या ग्राहीला चिकटते. हाच ग्राही चटका बसेल एवढ्या उष्णतेनेही जागा होतो, म्हणून मेंदूला आग झाल्याचा निरोप मिळतो. त्याच वेळी त्या टोकांतून सीजीआरपी आणि सब्स्टन्स पी बाहेर पडतात. सीजीआरपी जवळच्या रोहिणिका रुंदावते, त्यामुळे त्वचा लाल आणि गरम होते. सब्स्टन्स पी लहान शिरांच्या भिंती झिरपणाऱ्या करते, त्यामुळे थोडी सूज येते. टीआरपीव्ही१ च्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कॅप्सायसिन तेलात विरघळते, पाण्यात नाही; म्हणून नुसत्या पाण्याने हात धुण्यापेक्षा आधी तेल चोळून मग साबण लावणे उपयोगी पडते.

हीच क्रिया मिरचीशिवायही पाहता येते. पुढच्या हातावर बोथट टोकाने जरा दाबून रेघ ओढली, तर काही सेकंदांत तिथे लाल रेषा उमटते. थोड्या वेळाने रेषेच्या दोन्ही बाजूंना, जिथे टोक लागलेलेही नाही अशा त्वचेवर, फिकट लाली पसरते. आणि काहींच्या हातावर रेषेच्या जागी वळ उठतो. थॉमस लुईस यांनी १९२७ मध्ये या तीन टप्प्यांचे वर्णन केले. बाजूला पसरणारी लाली मज्जातंतूंच्या फाट्यांमधून जाणाऱ्या आवेगामुळे येते; त्या भागातील संवेदी तंतू नष्ट झालेले असतील तर ती उमटत नाही. माणसाच्या त्वचेत सीजीआरपीची अत्यल्प मात्रा टोचली तरी कित्येक तास टिकणारी लाली येते, हे १९८५ मध्ये दाखवले गेले, आणि त्यामुळे या लालीमागचा मुख्य संशयित कोण, याचा अंदाज पक्का झाला.

गांधीलमाशीच्या दंशातही अशाच प्रकारचा दाह दिसतो. तिच्या विषात ब्रॅडिकायनिनसारखी पेप्टाइडे असतात.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला का होतो?

हे समजून घेण्यासाठी ब्राझीलमधील एका सापापर्यंत जावे लागते. साओ पाउलो येथे मॉरिसिओ रोशा ए सिल्वा, विल्सन बेराल्डो आणि गास्ताओ रोझेनफेल्ड हे जराराका या सापाचे विष कुत्र्याच्या रक्तद्रवात मिसळून काय होते ते पाहत होते. विषातील विकरांमुळे रक्तद्रवातील एका मोठ्या प्रथिनापासून छोटा तुकडा सुटत होता आणि तो रक्तदाब खाली आणत होता. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा तुकडा म्हणजे ब्रॅडिकायनिन. पुढे १९६५ मध्ये सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात असेही पदार्थ सापडले, जे ब्रॅडिकायनिनचा प्रभाव वाढवत होते. ते नमुने घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे असे लक्षात आले की हे पदार्थ एसीई या विकराला अडवतात. एसीई एका हाताने अँजिओटेन्सिन-२ हे वाहिन्या आवळणारे पेप्टाइड तयार करते आणि दुसऱ्या हाताने ब्रॅडिकायनिन मोडते. विषातील त्या पेप्टाइडांच्या आधारे डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल घडवले. अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये मान्यता मिळाली. आज आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी एनालाप्रिल आणि रामिप्रिल ही औषधे त्याच घराण्यातील.

एसीई अडवले की अँजिओटेन्सिन-२ कमी होते, हा हवा असलेला परिणाम. ब्रॅडिकायनिन अधिक काळ टिकते, यामुळेही वाहिन्या सैल राहण्यास मदत होते. मात्र श्वसनमार्गात ते आणि सब्स्टन्स पी साठले की खोकला जागवणारे मज्जातंतू हळवे होतात आणि घशात सतत खवखव राहून कोरडा खोकला येतो. स्त्रियांमध्ये आणि पूर्व आशियाई वंशाच्या लोकांमध्ये हे प्रमाण अधिक आढळते. खोकल्याची औषधे त्यावर सहसा चालत नाहीत. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचा खोकला एक ते चार आठवड्यांत थांबतो, काहींना अधिक वेळ लागतो. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे एसीईला हात न लावता अँजिओटेन्सिनचा ग्राही अडवतात, म्हणून त्यांनी असा खोकला क्वचितच होतो. गोळी बदलायची असल्यास ती डॉक्टरांना सांगूनच बदलावी. खोकल्याला कंटाळून रक्तदाबाचे औषध परस्पर सोडून देणे खोकल्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

याच गोळ्यांमुळे ओठ किंवा जीभ सुजली तर ती ॲलर्जी समजावी का?

दिसायला ती ॲलर्जीसारखीच असते, पण यंत्रणा वेगळी असते. ॲलर्जीच्या सुजेमागे मुख्यतः हिस्टामिन असते आणि बहुधा अंगावर खाजऱ्या गांधी उठतात. एसीई रोधकाने, म्हणजे एसीई अडवणाऱ्या या गोळ्यांनी, येणारी सूज ब्रॅडिकायनिनमुळे येते: बी२ ग्राही जागा झाल्यावर रोहिणिका तर रुंदावतातच, शिवाय केशवाहिन्यांच्या पुढच्या लहान शिरांच्या पेशींमध्ये फटी पडून द्रव बाहेर झिरपतो. अशा रुग्णांना गांधी किंवा खाज सहसा नसते. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी जसे हे घडते, तसे महिन्यांनी किंवा वर्षांनीही घडू शकते, त्यामुळे ‘इतकी वर्षे घेतोय, त्याने कसे होईल’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

ॲलर्जीवर चालणारी हिस्टामिनविरोधी औषधे, स्टेरॉइड आणि ॲड्रेनलिन यांचा या सुजेवर भरवशाचा परिणाम होत नाही. जीभ, घसा किंवा आवाज यांत बदल जाणवला, गिळायला वा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे आणि आपण कोणती गोळी घेतो हे तेथे आवर्जून सांगावे. अशी सूज एकदा आलेल्या व्यक्तीला एसीई रोधक पुन्हा देत नाहीत. एक जोड माहिती: मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातील औषधे डीपीपी-४ हे विकर अडवतात, आणि हे विकरही सब्स्टन्स पी मोडण्यात भाग घेते. व्हिल्डाग्लिप्टिनसोबत एसीई रोधक घेणाऱ्यांमध्ये अशा सुजेचा धोका वाढलेला आढळला आहे. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब एकाच घरात, किंबहुना एकाच माणसात, इतक्या वेळा असतात की ही गोष्ट माहीत असलेली बरी.

काही कुटुंबांत सी१ रोधक या प्रथिनाच्या कमतरतेमुळे ब्रॅडिकायनिन अतोनात तयार होऊन अशी सूज वारंवार येते. हा आनुवंशिक आजार आहे. त्यावरील इकॅटिबंट हे औषध स्वतःच १० घटकांचे पेप्टाइड असून ते बी२ ग्राहीची जागा अडवून बसते.

या संप्रेरकांचा प्रभाव किती वेळ टिकतो?

रक्तातील ब्रॅडिकायनिनची निम्मी मात्रा अर्ध्या मिनिटाच्या आत नष्ट होते. फुप्फुसांतून एकदा फिरतानाच त्याचा बहुतेक भाग मोडला जातो. एएनपी काही मिनिटे टिकते, बीएनपी साधारण २० मिनिटे. शिवाय ग्राहीही सतत ऐकत बसत नाही. बी२ ग्राही वारंवार जागा झाला की त्यावर फॉस्फेट चढतात, अरेस्टिन नावाचे प्रथिन त्याला जी-प्रथिनापासून तोडते आणि काही मिनिटांत ग्राही पेशीच्या आत ओढला जातो. बी१ हा ब्रॅडिकायनिन कुळातील दुसरा ग्राही मात्र निरोगी ऊतींत जवळजवळ नसतोच. दाह झाल्यावर तो तयार होतो आणि लवकर थकतही नाही. जुनाट दाहात वेदना आणि सूज लांबण्यामागे हे एक कारण असावे.

व्यायामाने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामागेही पेप्टाइडे आहेत का?

मुख्यतः नाही. काम करणाऱ्या स्नायूत पोटॅशियम, ॲडेनोसिन आणि वाढलेल्या प्रवाहाच्या घर्षणाने सुटणारे नायट्रिक ऑक्साइड यांचा वाटा मोठा असतो. पेप्टाइडांची भूमिका दुय्यम आहे.

अर्धशिशी आणि सीजीआरपी यांचा काय संबंध?

अर्धशिशीच्या झटक्यात मानेतील शिरेच्या रक्तात सीजीआरपी वाढलेले असते, हे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखवले. अर्धशिशी असणाऱ्या व्यक्तींना सीजीआरपी शिरेतून दिले तर अनेकांना झटका येतो. २०१८ पासून अमेरिकेत सीजीआरपीला किंवा त्याच्या ग्राहीला अडवणारी प्रतिपिंडे वापरात आली. एरेनुमॅब ग्राहीला, तर फ्रेमानेझुमॅब आणि गॅल्कानेझुमॅब प्रत्यक्ष पेप्टाइडाला पकडतात.

यावरून डोकेदुखी केवळ वाहिन्या रुंदावल्यामुळे होते असा निष्कर्ष काढू नये. अर्धशिशीच्या रुग्णांना व्हीआयपी अल्प काळ दिले असता डोक्यातील वाहिन्या रुंदावल्या, तरी झटके आले नाहीत. तेच दोन तास दिल्यावर अनेकांना आले. प्रसरणाबरोबर वेदनावाहक तंतूंचे हळवे होणेही महत्त्वाचे आहे. दुसरीकडे, सीजीआरपी हे रक्तवाहिन्यांचे नैसर्गिक संरक्षक असल्याने त्याला अडवण्याची किंमत काय, हा प्रश्न रास्त आहे: एरेनुमॅब घेणाऱ्या काहींचा रक्तदाब वाढल्याच्या नोंदींमुळे २०२० मध्ये त्याच्या अमेरिकेतील माहितीपत्रकात तसा इशारा घालण्यात आला.

मग ही पेप्टाइडे, किंवा त्यांच्या नावाने विकली जाणारी पावडर, सरळ घेतली तर वाहिन्या रुंदावणार नाहीत का?

तोंडाने घेतलेले पेप्टाइड जठर आणि आतड्यातील विकरांना इतर प्रथिनांहून वेगळे वाटत नाही, ते पचते. म्हणून पेप्टाइड औषधे बहुधा टोचूनच द्यावी लागतात. टोचून दिली तरी प्रश्न संपत नाही, कारण मग ती सगळीकडच्या ग्राहींवर एकदम काम करतात. बीएनपीचीच कृत्रिम आवृत्ती असलेले नेसिरिटाइड २००१ मध्ये अमेरिकेत हृदय निकामी होण्यावर मान्य झाले, पण ७ हजारांहून अधिक रुग्णांवरील २०११ च्या चाचणीत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणे त्याने कमी झाले नाही, आणि रक्तदाब नको तितका उतरण्याचे प्रमाण वाढले.

नायट्रिक ऑक्साइड अर्जिनिनपासून बनते, म्हणून अर्जिनिनच्या गोळ्या घ्याव्यात, असा सल्लाही ऐकू येतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवरील एका चाचणीत अर्जिनिन घेणाऱ्या गटातील ६ रुग्ण दगावले आणि दुसऱ्या गटातील कोणीही नाही. चाचणी थांबवावी लागली. रासायनिक साखळीतील एक दुवा वाढवला की शेवटचा परिणाम वाढेलच, हे गृहीतक येथे उघडे पडले. हृदयरुग्णांनी असे पूरक पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

हृदय थकले असता बीएनपी का मोजतात, आणि अहवालावर कधी ‘बीएनपी’ तर कधी ‘एनटी-प्रोबीएनपी’ का असते?

हृदयाच्या भिंतींवर ताण आला की स्नायूपेशी १०८ अमिनो आम्लांचे पूर्वद्रव्य तयार करतात. त्याचे दोन तुकडे होतात: ३२ अमिनो आम्लांचे कार्यक्षम बीएनपी आणि ७६ अमिनो आम्लांचे निष्क्रिय एनटी-प्रोबीएनपी. वाढलेले बीएनपी हे आजाराचे कारण नसून ताण हलका करण्याची हृदयाची धडपड आहे, हे रुग्णांना आवर्जून सांगावेसे वाटते, कारण अहवालातील मोठा आकडा पाहून अनेकजण ‘हे कमी करायची गोळी द्या’ अशी मागणी करतात.

आधुनिक उपचार उलट दिशेने जातो. नेप्रिलायसिन हे विकर एएनपी आणि बीएनपी मोडते. साकुबिट्रिल ते विकर अडवून ही संप्रेरके टिकवते. वाल्सार्टन या अँजिओटेन्सिनचा ग्राही अडवणाऱ्या औषधासोबत दिलेल्या साकुबिट्रिलने २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयरोगाने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटवले. हे औषध चालू असताना बीएनपीचा आकडा औषधामुळेच वाढू शकतो. एनटी-प्रोबीएनपीला नेप्रिलायसिन मोडत नसल्याने अशा रुग्णांत तीच चाचणी अधिक विश्वसनीय ठरते.

रामिप्रिल बंद करून साकुबिट्रिल-वाल्सार्टन सुरू करताना मध्ये ३६ तास थांबायला का सांगतात?

नेप्रिलायसिन ब्रॅडिकायनिनही मोडते. एसीई आणि नेप्रिलायसिन ही दोन्ही विकरे एकाच वेळी बंद पडली तर ब्रॅडिकायनिनला वाट उरत नाही आणि चेहरा-घशाच्या सुजेचा धोका वाढतो. दोन्ही विकरे एकाच रेणूने अडवणारे ओमापॅट्रिलॅट हे औषध यामुळेच मागे पडले: २५ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ही सूज एनालाप्रिल घेणाऱ्या ०.६८ टक्के रुग्णांना आली, तर ओमापॅट्रिलॅट घेणाऱ्या २.१७ टक्के रुग्णांना. साकुबिट्रिलची जोडी म्हणूनच एसीई रोधकाशी न घालता वाल्सार्टनशी घातली गेली. आधीच्या एसीई रोधकाचा अंमल पुरेसा उतरावा यासाठी ३६ तासांचे अंतर ठेवतात, आणि उलट क्रमाने, म्हणजे साकुबिट्रिलवरून पुन्हा एसीई रोधकाकडे जातानाही तेवढेच थांबावे लागते. घरात जुन्या गोळ्यांची पाकिटे शिल्लक असतील तर ती त्याच दिवशी वेगळी काढून ठेवावीत, जेणेकरून सवयीने दोन्ही घेतल्या जाणार नाहीत.